पक्षविरहित पद आणि पक्षीय उमेदवार : अमेरिकेतील स्थानिक निवडणूक प्रशासनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लोकशाहीत निवडणुका कोण लढवतो, या प्रश्नाइतकाच निवडणुका कोण घेतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मतदारयादी तयार करणे, मतपत्रिकेची रचना ठरविणे, टपाली मतांवरील स्वाक्षरी पडताळणे, बाद मतांचा निर्णय करणे आणि अखेरीस निकाल प्रमाणित करणे, ही सर्व कामे वरकरणी कारकुनी स्वरूपाची वाटतात. परंतु दोन उमेदवारांतील अंतर शंभर-दोनशे मतांवर येते तेव्हा याच कामांतून सत्ता कोणाकडे जाणार हे ठरते. भारतात हे काम संविधानाने निर्माण केलेल्या आयोगांकडे सोपविलेले आहे. अमेरिकेत मात्र ते सुमारे दहा हजार स्थानिक यंत्रणांमध्ये विभागलेले असून त्यांपैकी अनेक यंत्रणांचे प्रमुख स्वतःच निवडणूक लढवून त्या पदावर येतात. काही ठिकाणी हे पद पक्षीय आहे, तर काही ठिकाणी पक्षविरहित, म्हणजे मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचा उल्लेख नसलेले.

ज्या पदाला कायद्याने पक्षविरहित ठरविले, त्या पदासाठी पक्षाच्या राजकारणात मुरलेल्या व्यक्ती उभ्या राहतात तेव्हा काय घडते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटी आणि फ्लोरिडा राज्यातील पाम बीच काउंटी या दोन ठिकाणांचा इतिहास मुख्यतः विचारात घेतला आहे.

पक्षविरहित पदाच्या कल्पनेचा उगम

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, अँड्र्यू जॅक्सन यांच्या कालखंडात, शासकीय पदे जास्तीत जास्त प्रमाणात लोकांनी निवडून द्यावीत हा विचार अमेरिकेत प्रबळ झाला. शेरीफ, कोषाधिकारी, काउंटी क्लार्क, ऑडिटर अशी जिल्हापातळीवरील पदे निवडणुकीच्या कक्षेत आली. लोकांनी निवडलेला अधिकारी लोकांना उत्तरदायी राहील, अशी त्यामागील धारणा होती. प्रत्यक्षात या पदांवर पक्षयंत्रणांचा ताबा बसला. मतपत्रिकाही त्या काळी पक्षच छापत असत. न्यूयॉर्कमधील टॅमनी हॉलसारख्या यंत्रणांनी नोकऱ्या, कंत्राटे आणि मते यांचा व्यवहारच उभा केला. शासनाने छापलेली गुप्त मतपत्रिका मॅसॅच्युसेट्सने १८८८ साली स्वीकारली आणि पुढील काही वर्षांत ती देशभर पसरली. मतपत्रिका पक्षांच्या हातून सुटली. पण मतपत्रिका हाताळणारा अधिकारी पक्षाचाच राहिला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रगतिवादी चळवळीने या दुसऱ्या प्रश्नाला हात घातला. रस्ते, पाणी, शाळा आणि नोंदवही यांत पक्ष कशाला, असा या सुधारकांचा युक्तिवाद होता. १९१० साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदी हायरम जॉन्सन निवडून आले आणि त्यांच्या कारकिर्दीत त्या राज्याने न्यायालयीन, शालेय व काउंटी पातळीवरील पदे पक्षविरहित केली. मिनेसोटाने १९१३ साली आपल्या विधिमंडळाची निवडणूकच पक्षविरहित केली व ती पद्धत साठ वर्षे टिकली. नेब्रास्काचे एकसदनी विधिमंडळ आजही पक्षविरहित पद्धतीने निवडले जाते.

या सुधारणेची मर्यादा मात्र प्रारंभापासूनच तिच्या रचनेत होती. कायदा मतपत्रिकेवरून पक्षाचे नाव काढू शकत होता. उमेदवाराच्या मनातून, त्याच्या देणगीदारांतून वा कार्यकर्त्यांतून पक्ष काढणे त्याला शक्य नव्हते. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८६ साली घटनादुरुस्ती करून पक्षविरहित पदांच्या उमेदवारांना पक्षांनी पाठिंबा देण्यासही बंदी घातली. त्याविरुद्धचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या न्यायालयाने १९९१ साली मूळ प्रश्नाचा निर्णय टाळला. परंतु पुढे १९९६ साली फेडरल जिल्हा न्यायालयाने ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरविली. म्हणजे मतपत्रिकेवर पक्ष नाही, पण प्रचारात आहे, अशी ही व्यवस्था कायद्यानेच मान्य झाली.

महाराष्ट्रातील वाचकास ही स्थिती अपरिचित नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. तथापि कोणते पॅनेल कोणाचे, हे गावातील प्रत्येक मतदारास ठाऊक असते, आणि निकालानंतर सर्वच पक्ष अधिकाधिक ग्रामपंचायतींवर दावा सांगतात. फरक एवढाच की अमेरिकेत या पद्धतीने सरपंच नव्हे, तर काही ठिकाणी निवडणूक घेणारा अधिकारीच निवडला जातो.

किंग काउंटी : नियुक्तीकडून निवडीकडे

सिएटल शहर ज्या काउंटीत आहे ती किंग काउंटी ही वॉशिंग्टन राज्यातील सर्वांत मोठी काउंटी होय. राज्यातील बहुतेक काउंट्यांत निवडणुकीचे काम निर्वाचित ऑडिटरकडे असते. किंग काउंटीने १९६८ साली स्वतःची सनद मंजूर करून जुनी रचना बदलली आणि निवडणूक विभाग निर्वाचित काउंटी कार्यकारी प्रमुखाच्या अधिकाराखाली आणला. विभागाचा संचालक नियुक्त अधिकारी झाला. तो स्वतः राजकारणी नव्हता. परंतु त्याला नेमणारा कार्यकारी प्रमुख पक्षाच्या तिकिटावर निवडून येत असे.

या रचनेची कसोटी २००४ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत लागली. सुमारे २८ लाख मतांपैकी पहिल्या मोजणीत रिपब्लिकन उमेदवार डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे होते. यंत्राद्वारे झालेल्या फेरमोजणीत ही आघाडी ४२ वर आली. हाताने झालेल्या दुसऱ्या फेरमोजणीत डेमोक्रॅटिक उमेदवार क्रिस्टीन ग्रेगॉयर १२९ मतांनी विजयी ठरल्या. दरम्यान किंग काउंटीत शेकडो टपाली मते चुकून बाद केल्याचे उघडकीस आले. मतदाराची स्वाक्षरी संगणकात सापडली नाही, म्हणून कागदी नोंद न पाहताच ती बाजूला ठेवली गेली होती. ही चूक उजेडात येण्याचे निमित्तही बोलके होते : काउंटी परिषदेचे सदस्य लॅरी फिलिप्स यांना बाद मतदारांच्या यादीत स्वतःचेच नाव आढळले. याशिवाय काही तात्पुरत्या मतपत्रिका पडताळणीपूर्वीच मोजणीयंत्रात गेल्याचेही निष्पन्न झाले.

निकालाविरुद्धचा दावा न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी ६ जून २००५ रोजी फेटाळला. अधिकाऱ्यांच्या हातून चुका झाल्या, पण निकाल फिरविणारा गैरप्रकार सिद्ध झाला नाही, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. या संपूर्ण प्रकरणात राज्याचे सचिव सॅम रीड यांचे वर्तन लक्षणीय आहे. ते स्वतः रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर निवडून आले होते. तरीही हाताने झालेल्या मोजणीचा निकाल त्यांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या बाजूने प्रमाणित केला. राज्य सचिव होण्यापूर्वी त्यांनी थर्स्टन काउंटीचे ऑडिटर म्हणून दीर्घकाळ काम केले होते. पद पक्षीय असूनही आचरण निःपक्ष राहू शकते, याचे हे उदाहरण होय.

किंग काउंटीच्या निवडणूक विभागावरील विश्वासाला मात्र मोठा तडा गेला. काउंटीचे कार्यकारी प्रमुख रॉन सिम्स हे डेमोक्रॅट असल्याने रिपब्लिकन मतदारांच्या मनात संशय बळावला. २००५ साली काउंटी परिषदेचे रिपब्लिकन सदस्य डेव्हिड आयर्न्स यांनी सिम्स यांच्याविरुद्ध निवडणूक लढविली. विभागाचा कारभार हा त्या प्रचारातील एक मुद्दा होता. आयर्न्स पराभूत झाले, परंतु संचालक थेट लोकांनी निवडावा ही मागणी मागे पडली नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मतदारांनी सनद दुरुस्त करून संचालकाचे पद निर्वाचित व पक्षविरहित केले. त्याच वेळी कार्यकारी प्रमुख व परिषद सदस्य ही पदेही पक्षविरहित करण्यात आली.

२००९ ची निवडणूक आणि तिचा अर्थ

नव्या पदाची पहिली निवडणूक ३ फेब्रुवारी २००९ रोजी झाली. प्राथमिक फेरी नव्हती. सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार विजयी होणार होता. सहा उमेदवार रिंगणात होते. त्यांत शेरिल हफ या त्या वेळच्या नियुक्त संचालक होत्या. त्यांनी पूर्वी किटसॅप काउंटीच्या ऑडिटर म्हणून काम केले होते. त्यांच्यासमोर आयर्न्स पुन्हा उभे राहिले. राज्याच्या सिनेटमध्ये १९९१ पासून असलेल्या रिपब्लिकन सदस्य पॅम रोच याही उतरल्या. २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्य सचिवपद लढविलेले जेसन ऑसगुड हेही उमेदवार होते. पद पक्षविरहित असले तरी रिंगणातील ठळक नावे पक्षीय राजकारणातूनच आलेली होती.

याची कारणे रचनेतच दिसतात. पहिले कारण म्हणजे पक्षाच्या अंतर्गत निवडीची चाळणी नसणे. दुसरे, मतविभागणी झाल्यास थोड्या मतांवरही विजय शक्य असणे. तिसरे कारण अधिक महत्त्वाचे : मतपत्रिकेवर पक्ष नसतो तेव्हा मतदार परिचित नावाकडे वळतो, आणि परिचित नाव बहुधा राजकारण्याचेच असते. ब्रायन शॅफनर, मॅथ्यू स्ट्रेब आणि जेराल्ड राइट यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पक्षाचे नाव नसल्यास मतदान घटते आणि मतदार विद्यमान पदाधिकाऱ्याकडे अधिक झुकतो, असे दाखविले आहे. म्हणजे पक्षविरहित मतपत्रिका राजकारण्याला प्रवेश सुलभ करते, तशी विद्यमान अधिकाऱ्यालाही साहाय्य करते.

या निवडणुकीत हफ विजयी झाल्या. परंतु केवळ यावरून मतदारांनी अनुभवाची निवड केली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. किंग काउंटी हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आहे. आयर्न्स व रोच यांचा पक्ष मतपत्रिकेवर नसला तरी वृत्तपत्रांतून सर्वज्ञात होता. त्यांचा पराभव अनुभवाच्या अभावामुळे झाला की पक्षामुळे, हे या एका निवडणुकीवरून सांगता येत नाही.

हा पेच २०१५ च्या निवडणुकीने बऱ्याच अंशी सोडविला. हफ निवृत्त होत असताना विभागात २००० सालापासून काम केलेल्या उपसंचालक ज्युली वाइज उमेदवार झाल्या. त्यांच्यासमोर झॅक हजिन्स हे डेमोक्रॅटिक पक्षाचे विद्यमान राज्य प्रतिनिधी होते. पक्षनिष्ठाच निर्णायक असती, तर डेमोक्रॅटिक काउंटीत डेमोक्रॅटिक लोकप्रतिनिधीचे पारडे जड असायला हवे होते. विजय वाइज यांचा झाला. त्या २०१९ व २०२३ मध्येही निवडून आल्या. पक्षाचे बळ अनुकूल असतानाही राजकारणी हरतो आणि कर्मचारीवर्गातून वर आलेली व्यक्ती जिंकते, तेव्हा मतदाराने या पदाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले असे म्हणण्यास आधार मिळतो.

राज्यपातळीवर याच्या नेमके उलट घडले. २०२२ साली वॉशिंग्टनच्या राज्य सचिवपदाच्या निवडणुकीत पिअर्स काउंटीच्या ऑडिटर ज्युली अँडरसन कोणत्याही पक्षाचे नाव न लावता उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर स्टीव्ह हॉब्स हे डेमोक्रॅटिक पक्षाचे माजी सिनेट सदस्य होते. २०२१ पासून ते नियुक्तीने त्याच पदावर होते. मतपत्रिकेवर हॉब्स यांच्या पक्षाचा उल्लेख होता. निवडणूक चुरशीची झाली आणि हॉब्स जिंकले. मतपत्रिकेवर पक्ष असतो तेव्हा अनुभवी प्रशासकाचे पारडे कसे हलके पडू शकते, हे या दोन निकालांच्या तुलनेतून दिसते.

पाम बीच : चुकीतून उघडणारे दार

फ्लोरिडात प्रत्येक काउंटीचा निवडणूक पर्यवेक्षक हे राज्यघटनेतील पद असून ६७ काउंट्यांपैकी बहुतेकांत ते पक्षीय राहिले आहे. २००० साली पाम बीच काउंटीच्या पर्यवेक्षक थेरेसा लेपोर डेमोक्रॅट होत्या. वयस्क मतदारांना अक्षरे मोठी दिसावीत म्हणून त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली. ही ‘फुलपाखरी’ मतपत्रिका आधी नमुन्यादाखल वितरितही झाली होती. मतदानाच्या दिवशी मात्र हजारो मतदार गोंधळले. १९,००० हून अधिक मतपत्रिकांवर एकापेक्षा जास्त छिद्रे पडली आणि रिफॉर्म पक्षाच्या पॅट ब्युकॅनन यांना तेथे ३,४०७ मते मिळाली. राज्यात जॉर्ज बुश यांची अंतिम आघाडी केवळ ५३७ मतांची होती. डेमोक्रॅट अधिकाऱ्याच्या चुकीचा फटका डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांनाच बसला. दुसरीकडे, निकाल प्रमाणित करणाऱ्या राज्य सचिव कॅथरीन हॅरिस या बुश यांच्या फ्लोरिडातील प्रचारसमितीच्या सहअध्यक्ष होत्या. पहिल्या उदाहरणात दोष कार्यकुशलतेचा होता, दुसऱ्यात हितसंबंधांचा. पक्षविरहित पदाचा उपाय फक्त दुसऱ्या दोषावर आहे. पहिल्यावर तो नाही.

पुढे पाम बीचचे पद पक्षविरहित झाले. २००४ च्या निवडणुकीत लेपोर यांचा पराभव आर्थर अँडरसन यांनी केला. ते शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक व शालेय मंडळाचे माजी सदस्य होते. डेमोक्रॅटिक काँग्रेस सदस्य रॉबर्ट वेक्सलर यांचा त्यांना उघड पाठिंबा होता. २००८ च्या ऑगस्टमध्ये एका न्यायाधीशपदाच्या फेरमोजणीत हजारो मतपत्रिका जागेवर सापडल्या नाहीत. त्याच वर्षी अँडरसन हरले आणि सुसान बुचर विजयी झाल्या. बुचर २००० पासून डेमोक्रॅटिक पक्षाच्या राज्य प्रतिनिधी होत्या.

येथे पक्षीय राजकारणी पक्षविरहित पदावर पोहोचला, आणि त्याचे कारण किंग काउंटीच्या उदाहरणाशी ताडून पाहता स्पष्ट होते. किंग काउंटीत २००५ नंतर कारभार सुधारत गेला; तेथे अनुभव हा गुण ठरला. पाम बीचमध्ये एकामागून एक चुका घडत गेल्या. तेथे अनुभव हेच ओझे झाले आणि बाहेरचा राजकारणी हा बदलाचा पर्याय ठरला.

बुचर यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापनही एकेरी करता येत नाही. मार्च २०१२ मध्ये वेलिंग्टन गावाच्या परिषदेच्या निवडणुकीत यंत्रातील जुळणीच्या दोषामुळे चुकीचे उमेदवार विजयी घोषित झाले. ही चूक निवडणुकीनंतरच्या नियमित लेखापरीक्षणात सापडली व सुधारली गेली. २०१८ मध्ये मात्र जुनी यंत्रे तापून बंद पडली आणि पाम बीच फेरमोजणीची मुदत पाळू शकले नाही. त्या वेळी रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट स्वतः सिनेटचे उमेदवार होते आणि मोजणी चालू असतानाच त्यांच्या प्रचारयंत्रणेने बुचर यांच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०१९ मध्ये नवे रिपब्लिकन गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी बुचर यांना निलंबित केले. पद पक्षविरहित होते, त्यावरील व्यक्ती एका पक्षाची आणि तिला दूर करणारा अधिकार दुसऱ्या पक्षाकडे होता. कारवाई अकार्यक्षमतेबद्दल की पक्षभेदाबद्दल, हा वाद त्यामुळे मिटणे शक्यच नव्हते. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑरेंज काउंटीच्या प्रकरणात, काउंटीला आपल्या नियमाने अशी घटनात्मक पदे पक्षविरहित करता येणार नाहीत असा निर्णय दिला.

भारतीय व्यवस्थेशी तुलना

७३ व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाची तरतूद केली. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ साली अस्तित्वात आला. येथे निवडणूक घेणारा अधिकारी स्वतः मते मागत नाही, हा या व्यवस्थेचा मोठा गुण आहे. तथापि नियुक्तीच्या मार्गातही हितसंबंध शिरू शकतात, हे गोव्यातील प्रकरणाने दाखविले. तेथे राज्याच्या विधी सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला होता. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासनाच्या सेवेत असलेल्या व्यक्तीस हे पद देता येणार नाही, असे स्पष्ट केले. अमेरिकेत प्रश्न पक्षातून आलेल्या उमेदवाराचा आहे, तर येथे शासनात असलेल्या अधिकाऱ्याचा. दोन्ही ठिकाणी पदाचे नाव स्वतंत्र असते आणि व्यक्तीची बांधिलकी अन्यत्र असू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, पदाला पक्षविरहित म्हटल्याने पक्षीय राजकारणी त्यापासून दूर राहत नाहीत. पक्षांतर्गत चाळणी नसल्याने काही वेळा त्यांचा मार्ग अधिकच मोकळा होतो. दुसरी, असे असूनही हे नाव निरर्थक नाही. २०१५ ची किंग काउंटीची निवडणूक आणि २०२२ ची राज्य सचिवपदाची निवडणूक शेजारी ठेवल्यास, मतपत्रिकेवर पक्ष नसतो तेव्हा अनुभवी कर्मचाऱ्यास संधी मिळते असे दिसते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की त्या संधीचे भवितव्य कार्यालयाच्या दैनंदिन कारभारावर अवलंबून असते. कागदी नोंद न पाहता बाद केलेली स्वाक्षरी, हरवलेल्या मतपत्रिकांची पेटी, वेळेत न बदललेले यंत्र, यांतूनच राजकारण्यास त्या कार्यालयाचे दार उघडते.

लॅरी फिलिप्स यांना बाद यादीत स्वतःचे नाव दिसले, कारण ती यादी पाहण्याची सोय होती. वेलिंग्टनची चूक सापडली, कारण मोजणीनंतर पुन्हा तपासणी करण्याचा नियम होता. पर्यवेक्षक कोणत्या पक्षातून आला हे त्या दोन्ही प्रसंगी निर्णायक ठरले नाही. निवडणूक प्रशासनाची निःपक्षता अधिकाऱ्याच्या पूर्वायुष्यापेक्षा त्याचे काम इतरांना तपासता येते की नाही यावर अधिक ठरते. अधिकारी निवडावा की नेमावा, या वादातही सर्वप्रथम हीच कसोटी लावली गेली पाहिजे.